भिंतीची ओल आणि भाड्याचे घर
रायपूरला मे महिन्यात दोरीवरचे कपडे बघता बघता वाळतात. अशा उन्हातही भाड्याच्या फ्लॅटमधील बाथरूमलगतची भिंत ओलीच असेल, तर दोष पावसाचा नव्हे. वरच्या मजल्यावरील पाइपाचा, फुटक्या टाइल्सचा किंवा न्हाणी ट्रॅपच्या सांध्याचा असतो. कधी कधी गच्चीवरचा कूलरही गुन्हेगार निघतो! घरमालक दरवर्षी पोपडे खरवडून रंग मारून देतात, गृहिणी दरवर्षी कपाट पुढे ओढते. पण ओल स्विचबोर्डापर्यंत पोहोचली, तर विजेचा धक्का बसण्याची भीती असते.

वरच्या बाथरूमची जाळी कापडाने बंद करून फरशीवर दोन बोटे पाणी साठवावे. दिवसभरात खालची ओल वाढली, तर फरशीखालचे वॉटरप्रूफिंग गेले असे समजावे. नाहीतर पाइप तपासावा. वरच्या शेजाऱ्यांना यासाठी राजी करणे, हेच खरे कौशल्याचे काम!

घरमालकाला तारीख घालून पत्र द्यावे, सोबत फोटो जोडावेत. मालकाच्या वाट्याची दुरुस्ती त्याने सूचना देऊनही वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च व्याजासह भाड्यातून वळता करू शकतो. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १०८ मध्ये तशी तरतूद आहे. मात्र भाडेकरारात वेगळी अट असेल, तर तीच लागू होते. छत्तीसगडमध्ये २०११ च्या कायद्यानुसार भाडे नियंत्रकाकडेही दाद मागता येते. रागाच्या भरात सगळे भाडेच थांबवू नये. थकबाकी झाली की घर खाली करून घ्यायला मालकाला आयते कारण मिळते.