दाढेच्या मुळाशी – भाग ६ : थुंकीला आत येऊ द्यायचं नाही

कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनासाठी दिंड्या येतात. तोवर दिवाळी उलटून पंधरा दिवस झालेले असतात आणि बालाघाटाच्या या डोंगरपट्ट्यातल्या ऊसतोड टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागलेल्या असतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ट्रक ठरलेला असतो. दाताच्या दवाखान्यातलं या दिवसांतलं वाक्यही ठरलेलं: "डॉक्टर, ठणका थांबला ना? मग बाकीचं आल्यावर बघू." येणं होतं मार्च-एप्रिलात. तोवर अर्धवट रूट कॅनाल झालेल्या दाढेवर चारेक मिलिमीटर तात्पुरतं सिमेंट असतं, आणि रोज त्यावर भाकरी चावायची असते.

मागच्या भागात नस का मरते ते पाहिलं. आजचा प्रश्न आहे तो साफ केलेल्या दाढेत जंतू पुन्हा शिरतात कुठून, हा. उत्तर फार लांब नाही. ते तोंडातच आहे. एक मिलिलिटर थुंकीत साधारण दहा कोटी जंतू असतात. दाढेच्या आतल्या भिंतीत एक ते तीन मायक्रॉन रुंदीच्या असंख्य सूक्ष्म नलिका असतात, आणि बहुतेक जंतूंना तेवढी वाट पुरते.

थुंकीतल्या याच जंतूंनी सगळं होतं, हे पक्कं झालं ते १९६५ साली. काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झगेराल्ड या अमेरिकी संशोधकांनी उंदरांच्या दाढा कोरून नस उघडी पाडली आणि तशीच ठेवली. साध्या उंदरांची नस सडली, मुळाशी गळू झाले. जन्मापासून जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या त्याच जखमेत अन्न अडकलं तरी नस जगली; उलट जखमेवर नवा थर धरू लागला. रूट कॅनालचं सगळं शास्त्र या निष्कर्षावर उभं आहे असं म्हटलं तरी चालेल.

त्याच्या शंभर वर्षं आधी, १८६४ साली, न्यूयॉर्कच्या सॅनफोर्ड बार्नम या दंतवैद्याने रबराच्या पातळ पत्र्याला भोक पाडून त्यातून दात वर काढला. त्याला जंतूंशी देणंघेणं नव्हतं. सोन्याचा वर्ख भरताना दात कोरडा राहावा एवढीच त्याची गरज. हाच तो रबर डॅम. दाढेला एक छोटा क्लॅम्प लावायचा, त्यावर रबर ताणायचं, म्हणजे दाढ एका बाजूला आणि जीभ, गाल, थुंकी दुसऱ्या बाजूला. मुळातल्या नळ्या घासायची केसाएवढी बारीक फाइल हातातून निसटली तर ती घशात जात नाही, आणि नळी धुवायचं औषध जिभेवर सांडत नाही, हे वरचे फायदे. कापसाचे बोळे आणि थुंकी ओढणारी नळी यांनी हे काम होत नाही. बोळा भिजायला वेळ लागत नाही, आणि भिजला की तोच जंतूंचा पूल.

तरीही आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी रबर डॅमशिवाय रूट कॅनाल होतं. 'पेशंटला गुदमरल्यासारखं होतं' हे त्याचं नेहमीचं कारण. श्वास नाकाने घ्यायचा असतो, हे आधी नीट सांगितलं की बहुतेकांना दोन मिनिटांत सवय होते. सर्दीने नाक बंद असेल तर तारीख पुढे ढकलावी. रबराच्या एका तुकड्याचा खर्च बिलात शोधूनही सापडणार नाही. खरी अडचण वेळेची आणि सवयीची आहे, आणि ती डॉक्टरांची आहे. तुम्ही खुर्चीत बसण्याआधी 'रबर डॅम लावणार ना?' असं विचारलंत तर त्यात उद्धटपणा काही नाही. रबराची ॲलर्जी असेल तर मात्र तेव्हाच सांगा. लॅटेक्स नसलेले पत्रेही मिळतात.

डॅम लावण्याआधीचं एक काम हमखास राहून जातं. आपल्या भागात माणूस दवाखान्यात येतो तेव्हा दाढेची एखादी भिंत बहुधा पडलेली असते. ती भिंत आधी बांधून घ्यायची, कीड पूर्ण काढायची, मगच नळ्यांकडे वळायचं. नाहीतर रबराच्या कडेखालून थुंकी झिरपत राहते आणि किडीतले जंतू फाइलच्या टोकाने आपणच मुळात ढकलतो.

अवजारांचं थोडक्यात. पाण्यात उकळून काम भागत नाही, जंतूंचे बीजाणू त्यातून वाचतात. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसला पंधरा-वीस मिनिटं हवीत, तीही पाकिटात बंद करून. फाइलच्या आट्यांत अडकलेला कण घासूनही पूर्ण निघत नाही, म्हणून त्या एकदाच वापराव्यात हे उत्तम. नळी भरायच्या गट्टा पर्चाच्या काड्यांना ऑटोक्लेव्हची उष्णता सोसत नाही. त्या मिनिटभर तीव्र सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवतात. आणि भरायच्या आधी हातमोजे बदलायचे, कारण तोवर त्याच हातांनी एक्स-रे, दिवा, ड्रॉवर, सगळं धरून झालेलं असतं.

हायपोक्लोराइटनेच नळ्याही धुतात. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या जखमा धुवायला डेकिन या रसायनशास्त्रज्ञाने अर्ध्या टक्क्याचं द्रावण वापरलं. दाढेत अर्धा ते सहा टक्क्यांपर्यंतचं वापरतात. ते जंतू मारतं आणि मेलेली नसही विरघळवतं. खुर्चीच्या नळीतून येणाऱ्या पाण्याचं मात्र तसं नाही. त्या बारीक नळ्यांत आतून जंतूंचा बुळबुळीत थर धरतो, आणि उन्हाळ्यात टाकी टँकरच्या पाण्याने भरत असेल तर विचारायलाच नको. खुर्चीला वेगळी बाटली जोडून त्यात शुद्ध पाणी भरायचं, नळ्या वेळोवेळी औषधाने धुवायच्या, आणि मुळाच्या आत तर ते पाणी घालायचंच नाही. तिथे निर्जंतुक सलाइन लागतं.

आता टोळीबरोबर निघालेल्या माणसाकडे वळू. तात्पुरतं सिमेंट काही आठवड्यांसाठी असतं. ते झिजतं, कडेने फटतं. फट डोळ्यांना दिसत नाही, ठणकाही लगेच लागत नाही, आणि माणसाला वाटतं दाढ बरी झाली. फसलेल्या रूट कॅनालमध्ये वारंवार सापडणारा एंटेरोकॉकस फीकॅलिस हा आतड्यातला जंतू उपाशीपोटीही महिनोन्‌महिने तग धरतो. नळ्या थुंकीला तीनेक महिने उघड्या राहिल्या असतील, तर पूर्ण भरलेली दाढही पुन्हा उघडून करावी, असा सल्ला दिला जातो. ऊसतोडीचा हंगाम पाच-सहा महिन्यांचा.

म्हणून निघायला आठवडा उरला असेल तर एकाच बैठकीत काम पुरं करता येईल का, हे डॉक्टरांनी पाहावं. एका बैठकीच्या आणि अनेक बैठकींच्या यशात मोठा फरक अभ्यासांत दिसलेला नाही. पू वाहत असेल, नळी कोरडीच होत नसेल, तर आत कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून वर नेहमीच्या सिमेंटऐवजी ग्लास आयनोमरचा जाड थर द्यावा. पू निघून जावा म्हणून दाढ उघडी सोडायची जुनी रीत तर बंदच व्हायला हवी. फडावर सहा महिने ती उघडी राहिली, तर त्यापेक्षा काढून टाकलेली बरी, असं माझं स्पष्ट मत आहे. मेडिकलमधून आणलेल्या पाच गोळ्यांनी सूज उतरेल, पण नस मेलेल्या नळीत रक्तच फिरत नाही, तिथे गोळी पोचणार कशी?

एक्स-रेचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि डॉक्टरांकडून चिठ्ठी लिहून घ्या: कोणती दाढ, किती नळ्या सापडल्या, आत काय भरलंय. सांगली-कोल्हापूरकडे सिमेंट निघालं तर तिथला डॉक्टर पुढचं काम त्यावरून करू शकतो. जिभेला खड्डा लागला की त्याच आठवड्यात जा, दुखत नसलं तरी.

पुढच्या आठवड्यात : भरलेल्या दाढेला कॅप कधी लागते, आणि कधी नाही.