दुकान नवं, परवाना जुना

सोसायटीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात रंगकाम सुरू होतं आणि आठवड्याभरात बातमी पसरते : वाईन शॉप येतंय. मग सह्यांची मोहीम, नगरसेवकाकडे शिष्टमंडळ, महापालिकेला निवेदन. एवढं करूनही दुकान उघडतं, तेव्हा ‘वरपर्यंत पैसे पोचलेत’ असं म्हणून लोक गप्प बसतात. पैशांचं काय ते असो, पण बहुतेक वेळा निवेदन चुकीच्या दारात गेलेलं असतं आणि आक्षेपही चुकीचा असतो. दारूच्या दुकानांची संख्या आणि जागा महाराष्ट्रात कशी ठरते, याबद्दलचे काही पक्के गैरसमज तपासून पाहू.

गैरसमज : दारूच्या दुकानाला महापालिका परवानगी देते.

वस्तुस्थिती : मादक पेयं हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार राज्यांचा विषय आहे. महाराष्ट्रात त्यासाठी १९४९चा दारूबंदी कायदा लागू आहे. म्हणजे आपल्याकडे कायदा मुळात बंदीचा आणि विक्री हा परवान्यापुरता अपवाद. हा परवाना राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या यंत्रणेतून, जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकारात मिळतो. महापालिकेकडे उरतात ते बांधकाम, जागेचा वापर, अग्निसुरक्षा, खाद्यगृह असे विषय. गाळा बेकायदा असेल, तर पालिकेकडे तक्रार जरूर करावी. परंतु दारूविक्रीचा परवाना देणं किंवा रद्द करणं तिच्या हाती नाही.

गैरसमज : सरकार रोज नवी वाईन शॉप काढतंय.

वस्तुस्थिती : इथे परवान्यांचे प्रकार समजून घ्यायला हवेत. विदेशी मद्याच्या सीलबंद बाटल्या विकणारं दुकान, म्हणजे आपण ज्याला वाईन शॉप म्हणतो ते, ‘एफएल-२’. बसून पिण्याची सोय असलेली परमिट रूम ‘एफएल-३’. देशी दारूचं किरकोळ दुकान ‘सीएल-३’. बिअर शॉपीचा परवाना आणखी वेगळा. यांपैकी एफएल-२ आणि सीएल-३चे नवे परवाने देणं सरकारने सत्तरच्या दशकापासून थांबवलं. म्हणूनच २०२५ मध्ये वाईन शॉपचे नवे परवाने देण्याच्या हालचाली सुरू झाल्या, तेव्हा एवढा गदारोळ उठला. परमिट रूम आणि बिअर शॉपी या गोठवणुकीत येत नाहीत. अटी पूर्ण केल्या की त्यांचे परवाने मिळू शकतात.

मग आपल्या कोपऱ्यावर वाईन शॉप आलं कुठून? बहुतेकदा ते दुसरीकडून उठून आलेलं असतं. परवाना जुना, जागा नवी. परवाने मोजकेच असल्याने त्यांना मोठं मोल आलं आहे. ज्या भागात वस्ती वाढते आणि हाती खेळता पैसा असतो, तिकडे ते सरकतात. यासाठी जिल्हाधिकारी किंवा उत्पादन शुल्क आयुक्त स्थलांतराला मंजुरी देतात. एकूण आकडा स्थिर राहूनही एखाद्या उपनगरात दुकानांची गर्दी होऊ शकते, ती यामुळेच. राज्याने संख्येवर झाकण ठेवलं, पण कोणत्या वस्तीत किती दुकानं असावीत याचा विचार त्या झाकणाखाली येत नाही. दुकानांबद्दलच्या वादाची खरी जागा ही आहे.

गैरसमज : शाळा किंवा देऊळ जवळ दिसलं, की दुकान बेकायदा.

वस्तुस्थिती : अंतराचा नियम आहे, पण तो नजरेच्या अंदाजाने चालत नाही. परमिट रूमसारख्या परवान्यांसाठी शैक्षणिक किंवा धार्मिक संस्थेपासून ७५ मीटरची अट आहे. हे अंतर नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेषेत मोजत नाहीत. दुकानाच्या दाराच्या मध्यापासून, पायी चालणारा माणूस एरवी ज्या जवळच्या वाटेने जाईल त्या वाटेने, संस्थेच्या फाटकाच्या मध्यापर्यंत मोजतात. खिडकीतून समोर दिसणारी शाळा वळसा घालून अंतराबाहेर जाऊ शकते.

शिवाय ‘संस्था’ कशाला म्हणायचं, हेही नियमात ठरलेलं आहे. सरकारची किंवा स्थानिक संस्थेची मान्यता असलेली शाळा, विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालय यांचा त्यात समावेश होतो. खासगी शिकवणी वर्गांचा होत नाही. धार्मिक स्थळ साधारणपणे नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाचं असावं लागतं. नाक्यावरच्या, कुठेही नोंद नसलेल्या घुमटीच्या आधारावर घेतलेला आक्षेप सहसा टिकत नाही.

गैरसमज : सर्वोच्च न्यायालयाने महामार्गालगतची सगळी दुकानं बंद केली.

वस्तुस्थिती : मद्यपी चालकांमुळे होणारे अपघात लक्षात घेऊन १५ डिसेंबर २०१६ रोजी न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतल्या दारूविक्रीवर बंदी घातली. ती १ एप्रिल २०१७ पासून लागू व्हायची होती. त्याच्या आदल्याच दिवशी, २०,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी हे अंतर २२० मीटरवर आलं. जुलै २०१७ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं, की नगरपालिका आणि महापालिका हद्दीतल्या परवानाधारक दुकानांना हा आदेश लागू नाही. त्यामुळे शहरातून जाणाऱ्या महामार्गाकडे बोट दाखवून केलेली तक्रार या आदेशावर उभी राहत नाही.

गैरसमज : एकदा दुकान उघडलं, की रहिवाशांच्या हाती काहीच नसतं.

वस्तुस्थिती : ‘उभी बाटली, आडवी बाटली’ हे मतदान फक्त खेड्यापुरतं आहे, असं अनेक शहरवासीयांना वाटतं. २००८च्या शासन आदेशात गावाबरोबर शहरातला वॉर्डही आहे. किमान २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली, तर सह्यांच्या पडताळणीनंतर गुप्त मतदान घेता येतं. आडवी बाटली म्हणजे दुकान बंद. मात्र ५० टक्क्यांहून अधिक मतं लागतात ती एकूण महिला मतदारांच्या, झालेल्या मतदानाच्या नव्हे. घरी बसलेल्या बाईचं मत आपोआप उभ्या बाटलीच्या पारड्यात जातं, आणि यादीत राहून गेलेल्या मृत किंवा स्थलांतरित मतदारांचंही. मोहीम सुरू करण्याआधी मतदारयादी साफ करून घ्यावी, ती यासाठी.

शिवाय मार्च २०२५ मध्ये उत्पादन शुल्क खातं सांभाळणारे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधानसभेत जाहीर केलं, की गृहनिर्माण संस्थेच्या आवारातल्या गाळ्यात नवं बिअर किंवा दारूचं दुकान सुरू करायचं, तर संस्थेचं ना-हरकत प्रमाणपत्र लागेल.

गैरसमज : परवाने शून्यावर आणले, की दारू संपली.

वस्तुस्थिती : वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे आहेत. चंद्रपुरात २०१५ मध्ये लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठवताना सरकारने अवैध दारू आणि वाढलेली गुन्हेगारी ही कारणं दिली. बंदीच्या समर्थकांना ती पटली नाहीत. हा वाद चालू राहील. पण परवाने मोजल्याने फक्त कायदेशीर विक्री कळते. मुंबईत मालवणीला जून २०१५ मध्ये शंभरावर माणसं दगावली ती विनापरवाना गावठी दारूने.

म्हणून पुढच्या वेळी निवेदन उत्पादन शुल्क अधीक्षक आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे लिहावं. त्यात चार गोष्टी मागाव्यात : परवान्याचा प्रकार, तो आधी कोणत्या पत्त्यावर होता, स्थलांतराचा आदेश आणि अंतर मोजल्याचा पंचनामा. हे कागद मिळत नसतील, तर माहिती अधिकारात अर्ज करावा. दुकान उघडण्याआधी हे झालं, तर उत्तमच.