मोरीतले मासे आणि तिसरी-चौथी मार्गिका

जूनच्या पहिल्या दणक्याच्या पावसात कामशेतजवळ रुळांखालच्या मोरीपाशी उभं राहिलं, की चढणीचे मासे दिसतात. ओढ्याचं गढूळ पाणी खाली धावत असतं आणि बोटाएवढे मासे उलटे, भातखाचरांकडे उड्या घेत असतात. मच्छरदाणीचा तुकडा धरून बसलेल्या मावशी म्हणाल्या, ‘‘दोनच दिवस असत्यात बगा. तिसऱ्या दिवशी आलात तर नुसतं पाणी.’’

हे दोन दिवस कुठल्या सरकारी अहवालात येतात, हे शोधत मी कागदपत्रांत शिरलो.

पुणे–लोणावळा लोकल १९७८ साली सुरू झाली. ती आजही एक्स्प्रेस आणि मालगाड्यांना वाट देत धावते. तळेगाव, वडगाव, कान्हे, मळवलीच्या कॉलेजच्या पोरांचा आणि कामगारांचा दिवस तिच्यावर बेतलेला. सप्टेंबर २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या मार्गावरच्या तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेच्या सुमारे ५,१०० कोटींच्या खर्चाला मान्यता दिली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. ही मार्गिका हवी, आणि लवकर हवी.

पर्यावरणाच्या परवानग्यांमुळे कामं रखडतात, असं सर्रास म्हटलं जातं. पण २००६च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेत ज्या प्रकल्पांची यादी आहे, तीत रेल्वे नाहीच. वनजमीन लागली तर वनखात्याची मंजुरी घ्यावी लागते, ती वेगळी. महामार्ग यादीत आहेत. त्यांच्यासाठीही हवा-पाणी-जीवसृष्टीची मूळ नोंद साधारणपणे एकाच हंगामाची चालते, आणि तीही पावसाळा वगळून. लोणावळ्याच्या मुलखात पावसाळा वगळायचा, तर उरलं काय? जानेवारीत ती मोरी म्हणजे कोरडं भोक.

लोणावळ्याच्या घाटात पावसाने आपला हिशेब आधीही चुकता केला आहे. बोरघाटातली रेल्वे १८६३ साली सुरू झाली. तोवर हजारो मजुरांचे जीव गेले होते. चारच वर्षांत, जुलै १८६७मध्ये, ‘म्हाऊ की मल्ली’चा दगडी पूल कोसळला. २०१९च्या पावसाळ्यात मंकी हिल–नागनाथ पट्ट्यात रुळांचं इतकं नुकसान झालं, की मुंबई–पुणे गाड्या दीर्घकाळ विस्कळीत राहिल्या.

माझ्या मते वेळ जातो तो अभ्यास उशिरा सुरू होतो म्हणून. आधी प्रकल्प ठरतो, मग सल्लागार नेमला जातो, त्याचे पैसेही प्रकल्पवालाच देतो, आणि तीच दरी, तोच ओढा पुन्हा पहिल्यापासून मोजला जातो. अमेरिकेत २०२२च्या कायद्याने परवानग्यांचा समन्वय करणाऱ्या संस्थेला ३५ कोटी डॉलर दिले, महामार्ग प्रशासनाला अशा तपासण्यांसाठी वेगळे १० कोटी. अर्ज वेळेत वाचायला माणसं आणि माहिती लागते, आणि तिचा खर्च आधी करावा लागतो, हे तिथे ओळखलं गेलं. आपल्याकडे २०१८ साली पर्यावरणाच्या परवानग्यांसाठी ‘परिवेश’ पोर्टल आलं. अर्ज ऑनलाइन झाले, पण ओढा मोजणारा माणूस त्यातून मिळत नाही.

५,१०० कोटींचा शंभरावा हिस्सा ५१ कोटी. तेवढ्यात इंद्रायणी खोऱ्यातले ओढे, झरे, सरकणारे उतार सलग काही पावसाळे मोजून ती नोंद सगळ्यांसाठी खुली ठेवता येईल, असं मला वाटतं. मग रेल्वे येवो की रस्ता, तपासणी शून्यापासून सुरू होणार नाही. चिकाटीच्या कामाची सवय या भागाला आहे: इंद्रायणी तांदूळ वडगावच्याच संशोधन केंद्रातून १९८७ साली आला.

लोकांचं ऐकून घेण्यावरही खर्च हवा. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवना धरणाचं पाणी बंद नळातून नेणाऱ्या जलवाहिनीविरोधातल्या आंदोलनात बऊरजवळ पोलिसांच्या गोळीबारात तिघे गेले. ते काम त्यानंतर दशकभराहून अधिक काळ ठप्प राहिलं.

निघताना मी मावशींना सांगितलं, इथे आणखी दोन रूळ येणार आहेत. त्यांनी जाळी झटकली, मोरीच्या तोंडाकडे पाहिलं. ‘‘मंग मोरी लांबणार. आत अंधार पडंल. अंधारात मासा चढतोय व्हय?’’