शेवटची शेळी कोण मारणार?

पाहुण्या प्राण्यांचा देश : लेखांक ५

न्यूझीलंडच्या सरकारी संवर्धन-जमिनीवर शिकार करायची तर संवर्धन खात्याचा परवाना लागतो आणि तो फुकट मिळतो. शेळ्या-डुकरांसाठी ठरावीक हंगाम नाही, किती मारावीत याला मर्यादाही नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या छायेत वाढलेल्या आपल्याला हे उफराटंच वाटेल. पण वटवाघळं सोडली तर जमिनीवर राहणारा एकही सस्तन प्राणी तिथला मूळचा नाही. कॅप्टन कुकने १७७३मध्ये क्वीन शार्लट साउंडच्या किनाऱ्यावर शेळ्या आणि डुकरं सोडली. पुढे वसाहतवाल्यांनी आणखी भर घातली. १९८०चा राष्ट्रीय उद्यान कायदा तर बाहेरून आलेले प्राणी शक्य तितके नाहीसे करावेत, असंच सांगतो.

मोकळीक आहे, पण नियमही आहेत. बंदुकीचा परवाना वेगळा. पहाटे सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास एवढीच वेळ. रात्री दिव्याच्या झोतात जनावर टिपणं बंद. डुकराच्या शिकारीत कुत्रे लागतात. ते वास काढत जातात, डुकराला अडवून धरतात आणि बहुतेकदा शिकारी जवळ जाऊन सुऱ्यानेच काम उरकतो. असे कुत्रे किवी पक्ष्याच्या मागे लागले तर भलताच अनर्थ, म्हणून किवीच्या प्रदेशात त्यांना ‘किवीला टाळा’ असं शिकवलेलं असावं लागतं.

खरी गोम पुढे आहे. डुकराचं मांस तिथल्या शिकाऱ्यांना प्रिय. डुक्कर नाहीसं व्हावं असं त्यांना कशाला वाटेल? काही महाभाग तर नव्या रानात डुकरं चोरून सोडतात. तो गुन्हा आहे. इकडे डुकरं जंगलाची जमीन उकरून रानगोगलगाई आणि जमिनीवरच्या घरट्यांमधली अंडी फस्त करतात. शेळ्या नवी रोपं वाढूच देत नाहीत, त्यामुळे म्हातारी झाडं पडली की त्यांच्या जागी काही उभं राहत नाही. हौशी शिकारी वाटेलगतचे कळप विरळ करतो, पण चार डोंगर ओलांडून उरलेल्या दोन शेळ्यांसाठी तो जाणार नाही. माझ्या मते त्याच्याकडून ती अपेक्षा करणंच चुकीचं.

शेवट करायला पगारी माणसं आणि वेगळी युक्ती लागते. एका शेळीच्या गळ्यात रेडिओ-पट्टा बांधून तिला सोडतात. शेळीला एकटं राहवत नाही. ती लपलेला कळप शोधून काढते आणि मागोमाग बंदूकवाले पोचतात. तिला जिवंत ठेवून पुन्हा सोडतात. क्रूर आहे खरं, पण काम चोख होतं.

तारानाकी पर्वताच्या राष्ट्रीय उद्यानात शेळ्या मारायला १९२५मध्ये सुरुवात झाली. उद्यान शेळीमुक्त झाल्याची घोषणा २०२२मध्ये झाली, म्हणजे जवळपास शंभर वर्षांनी. डुकरांच्या बाबतीत मुख्य बेटांवर एवढं मोठं यश अजून दूर आहे.

पुढच्या आठवड्यात १९०४मध्ये तिकडे नेलेल्या ‘थर’ या हिमालयी रानबोकडाची गोष्ट. तिथे शिकारी आणि खातं उघडउघड आमनेसामने आले.