दुबळें वादळ, दांडगा पाऊस

वादळ म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें प्रथम वारा उभा राहतो. उडालेलीं छपरें आणि उन्मळून पडलेलीं झाडें मोजून आपण वादळाचा मोठेपणा ठरवितों. परंतु ज्याचा वारा बेताचा त्याचा पाऊसहि बेताचाच असावयाचा, हें अनुमान किती घातक आहे, याचे दोन दाखले आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

पहिला दाखला अलीकडचा. २०२० च्या ऑक्टोबरांत बंगालच्या उपसागरांत हवेचा दाब उतरून एक वादळ जमलें. आपलें हवामान खातें अशास ‘डीप डिप्रेशन’ म्हणतें. वाऱ्याचा वेग ताशीं ६२ किलोमीटरांवर स्थिरावल्यावांचून वादळास नांव मिळत नाहीं. हें त्या पायरीस पोंचलेंच नाहीं, म्हणून निनांवीच राहिलें. १३ ऑक्टोबरच्या सकाळीं तें काकिनाड्यानजीक जमिनीवर चढलें आणि तेलंगण, कलबुर्गी, सोलापूर अशी पश्चिमेची वाट धरून चालूं लागलें. वारा मंदावत गेला. पाऊस मात्र मंदावला नाहीं. त्याच रात्रीं हैदराबादेच्या वस्त्यांत पाणी शिरलें. दुसऱ्या दिवशीं पंढरपुरास चंद्रभागेकांठीं, कुंभार घाटापाशीं, नव्या घाटाची भिंत कोसळून सहा माणसें दगावलीं. दिवस अधिक आश्विनाच्या अखेरचे. घटस्थापना तीन दिवसांवर आलेली. कापून ठेवलेलें सोयाबीन शेतांतच भिजलें, आणि वर्षाच्या मेहनतीचें पीक सणाच्या तोंडावर हातचें गेलें. १६ तारखेस हें वादळ महाराष्ट्र ओलांडून अरबी समुद्रांत उतरलें.

असें कां व्हावें? वादळाचें बळ समुद्राच्या उष्ण पाण्यांतून उठणाऱ्या वाफेंत असतें. जमिनीवर येतांच हा पुरवठा आटतो, झाडें, टेकड्या आणि घरें वाऱ्यास अडवितात, व तो पडतो. परंतु आधीं चढलेली वाफ कांहीं समुद्रावर मागें राहत नाहीं. ती वादळाबरोबरच आंत येते. मध्यभागीं दाब कमी असल्यामुळें भोंवतालची ओलसर हवा तिकडे ओढली जाते. त्या हवेस वर चढण्यावांचून गत्यंतर नसतें. वर ती निवते आणि तिच्यांतील वाफेचें पाणी होतें. त्यांतून वादळाची चाल मंद असली तर एकाच गांवावर तें तासन् तास कोसळत राहतें. घोड्यावरचा पाहुणा उंबऱ्यांतूनच परततो, पायीं आलेला मुक्काम ठोकतो, तशांतलाच हा प्रकार!

शंभर मिलिमीटर, म्हणजे सुमारें चार इंच, पाऊस ऐकावयास थोडा वाटतो. परंतु एका गुंठ्यावर एवढा पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी, आणि एका चौरस किलोमीटरावर १० कोटि लिटर. पावसाळ्याच्या शेवटीं जमीन तृप्त आणि धरणें भरलेलीं. मग हें पाणी मुरावें तरी कोठें?

दुसरा दाखला शतकापूर्वींचा. २८ सप्टेंबर १९०८ रोजीं हैदराबादेंत मुसी नदीस जो महापूर आला, त्याचेंहि मूळ उपसागरांतून आंत आलेल्या वादळांत होतें. वरच्या खोऱ्यांतील अनेक तळीं फुटलीं आणि त्यांचें पाणी पुरास मिळालें. सुमारें १५ हजार माणसें प्राणांस मुकलीं. अफझलगंजाजवळच्या एका चिंचेच्या झाडावर चढून दीडशें जण वांचले, असें सांगतात. पुढें निजाम सरकारनें विश्वेश्वरय्यांस बोलाविलें. खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांमुळें हें नांव पुणेकरांस चांगलेंच परिचित आहे. पूर शहरांत अडविण्यापेक्षां शहराच्या वरच अडवावा, हा त्यांचा सल्ला. त्यांतून १९२० मध्यें उस्मानसागर व १९२७ मध्यें हिमायतसागर हे जलाशय उभे राहिले. २०२० मध्यें दोन्ही जाग्यावर होते. परंतु मधल्या काळांत तळ्यांच्या पोटांत आणि नाल्यांच्या कांठांवर घरें झालीं होतीं. पाणी आपली जुनी वाट विसरलें नाहीं, माणसें विसरलीं.

यांतून घरोघरीं ध्यानीं धरावयाचें तें थोडकेंच आहे. वादळास नांव आहे कीं नाहीं, वारा किती आहे, एवढेंच पाहून थांबूं नये. पाऊस किती सांगितला आहे तें आवर्जून वाचावें. ‘वादळ क्षीण झालें’ हें वृत्त किनाऱ्यावरच्यांस दिलासा देणारें असलें, तरी आंतल्या मुलुखासाठीं तो इशाराच समजावा. भिजलेल्या जुन्या भिंतीच्या आडोशास कोणी बसूं नये, पाणी चढलेल्या पुलावर गाडी घालूं नये. नदीकांठीं घर असेल तर वृद्धांस, मुलांस आणि धान्यास वेळींच वर हलवावें. वारा गरजून येतो, म्हणून त्यापासून सावध होणें सोपें असतें. पाऊस मुकाट्यानें येतो, म्हणून त्याची चौकशी आपणच आधीं करावयास हवी.