मुलींचें वजन व शरीरांतील संप्रेरकें

आमच्या शिरूर व दौंड भागांतील घरांत मुलीच्या अंगकाठीविषयीं दोन परस्परविरुद्ध बोलणीं ऐकूं येतात. मुलगी बारीक असली तर “हिच्या अंगाला कांहीं लागतच नाहीं” असें म्हणतात. बारा-तेरा वर्षांची होऊन अंगानें भरूं लागली, कीं “आतां जरा कमी खा” असें तिलाच सुनावतात. दोन्ही वेळीं दोष मुलीचा! तिच्या शरीरांत काय घडत आहे, याचा विचार क्वचितच होतो. तो विचार विद्यार्थी व पालक यांच्यापुढें ठेवावा, असें आम्हांस वाटतें.

शरीरांतील कांहीं ग्रंथींचे रस नळीवाटे न वाहतां थेट रक्तांत मिसळतात व दूरच्या अवयवांना संदेश पोंचवितात. यांनाच संप्रेरकें किंवा हार्मोन्स म्हणतात. दौंड जंक्शन आपल्या परिचयाचें आहे. तेथें गाडी चालते ती इंजिनाच्या शक्तीनें. परंतु ती कोणत्या रुळावर जावी, हें सांधे ठरवितात. त्याचप्रमाणें वजन वाढतें तें अन्नानें; परंतु भूक किती लागावी व चरबी कोठें सांठावी, हें बऱ्याच अंशीं संप्रेरकें ठरवितात.

मुलगी वयांत येऊं लागली म्हणजे तिच्या अंडाशयांतून इस्ट्रोजेन नांवाचें संप्रेरक अधिक प्रमाणांत स्रवूं लागतें. त्याच्या योगानें कंबरेखालीं व मांड्यांवर थोडी चरबी सांठते, आणि हाडें बळकट होतात. ही निसर्गानें पुढील आयुष्यासाठीं केलेली शिल्लक होय. तिला लठ्ठपणा म्हणणें चूक आहे. चरबीहि केवळ निर्जीव सांठा नव्हे. तिच्यांतून लेप्टिन नांवाचें संप्रेरक निघतें व शिल्लक किती आहे हें मेंदूस कळवितें. हा शोध १९९४ सालीं अमेरिकेंत लागला. शिल्लक फार घटली तर मेंदू अंडाशयांस जाणारे संदेश कमी करितो. मग मासिक पाळी लांबते किंवा बंद पडते, व हाडें कमजोर होतात. म्हणून बारीक दिसण्याच्या हौसेनें जेवण टाळणाऱ्या मुलींनीं सावध असावें.

पुढें पंचेचाळीस-पन्नासच्या सुमारास पाळी थांबते व इस्ट्रोजेन उतरतें. मग चरबी मांड्यांऐवजीं पोटावर सांठूं लागते. वयपरत्वें स्नायूहि झडतात. आईचें पोट सुटलें तर तें आळसाचेंच लक्षण असें समजूं नये. तथापि “हार्मोन्सचा दोष” म्हणून स्वस्थ बसणेंहि बरें नव्हे. कारण पोटांतील चरबीमुळें इन्शुलिनचें कार्य मंदावतें व मधुमेहाची वाट मोकळी होते. रोज चालणें व अंगमेहनत यांचा येथें खरोखर उपयोग होतो. तरुण मुलीची पाळी अनियमित होऊन वजन वाढत असेल व चेहऱ्यावर केस येत असतील, तर टोमणे न मारतां तिला डॉक्टरांकडे न्यावें.

या विषयाचा एक मोठा धडा आपल्याच जिल्ह्यांतून जगास मिळाला आहे. शिरूर तालुक्यांतील वढू बुद्रुक येथें पुण्याच्या के. ई. एम. इस्पितळाचें ग्रामीण आरोग्यकार्य डॉ. बानू कोयाजी यांनीं उभारलें. त्याच इस्पितळांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ सालीं पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांची पाहणी सुरू केली. गरोदरपणापूर्वीं या स्त्रियांचें वजन सरासरीनें सुमारें ४२ किलो होतें. त्यांच्या बालकांचें जन्मवजन सरासरी २.७ किलो भरलें. इंग्लंडांतील साउदॅम्प्टन येथील बालकांचें सुमारें ३.५ किलो होतें. आश्चर्य असें, कीं आपल्या बालकांचे स्नायू फार रोड असूनहि कातडीखालची चरबी तितकी कमी नव्हती. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका तुलनेंत, लंडनच्या गोऱ्या बालकांपेक्षां पुण्याच्या हलक्या बालकांच्या नाळेच्या रक्तांत इन्शुलिन अधिक आढळलें. म्हणजे पुढील मधुमेहाची बीजें आईच्या उदरांतच पडूं शकतात. ज्या मातांच्या आहारांत पालेभाज्या, फळें व दूध वरचेवर असे, त्यांचीं बालकें अधिक भरदार होतीं, असेंहि सहा खेड्यांच्या पाहणींत दिसून आलें.

यावरून काय घ्यावें? वजनकांटा आंकडा सांगतो; आंतील स्नायू, चरबी व संप्रेरकें यांचा हिशेब सांगत नाहीं. अजूनहि कांहीं घरांत सर्वांचीं पानें वाढून झाल्यावर आई व मुलगी उरलेल्या भाकरीवर भागवितात. पालकहो, आज आपल्या मुलीच्या ताटांत भाकरीसोबत मेथी, मटकीची उसळ, शेंगदाणे व दूध-ताक पडलें, तर त्याचा लाभ तिला तर होईलच, परंतु तिच्या पोटीं येणाऱ्या पिढीसहि होईल. आणि विद्यार्थिमित्रांनो, बहिणीच्या अंगावरून थट्टा करण्यापूर्वीं तिचें ताट पाहा. तें आपल्या ताटाइतकेंच भरलेलें आहे ना?