माज हुकला, एकवीस दिवस गेले

कृत्रिम रेतनाचा इतिहास इटलीच्या स्पालान्झानीपासून सांगायची रीत आहे. १७८० मध्ये त्याने एका कुत्रीवर प्रयोग केला आणि बासष्ट दिवसांनी तिला तीन पिल्ले झाली. पुढे रशियातले इवानोव, १९३६ ची डॅनिश सहकारी संस्था, १९३९ मध्ये म्हैसूरच्या पॅलेस डेअरी फार्मवरचे संपत कुमारन आणि १९४२ पासूनचे इज्जतनगरचे काम, हे टप्पे पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याला तोंडपाठ असतात. १९४९ मध्ये इंग्लंडात पोल्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ग्लिसरॉलचा गुण सापडला आणि रेत गोठवून टिकवता येऊ लागले. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवलेली रेताची कांडी वर्षानुवर्षे चालते. वळू मेला तरी त्याची वासरे जन्मत राहतात, इतकी ही मजल मोठी.

महाराष्ट्रात ही विद्या गोठ्यापर्यंत नेण्याचे श्रेय उरुळीकांचनचे. १९४६ मध्ये गांधीजींनी तिथे निसर्गोपचार आश्रम सुरू केला आणि मणिभाई देसाईंना मागे ठेवले. मणिभाईंनी गीर गायी सांभाळत गोपालनाचे काम उभे केले आणि १९६७ मध्ये 'बाएफ' ही संस्था स्थापन केली. गावठी गायीला होल्स्टिन किंवा जर्सीचे रेत भरून संकरित कालवड तयार करायची, हा कार्यक्रम इतरांकडेही होता. मणिभाईंचे वेगळेपण असे, की गाय दवाखान्यात आणायची नाही, माणसाने गोठ्यात जायचे. एरवी माजावर आलेली गाय उन्हातून चालवत न्यायची, डॉक्टर जागेवर नसले तर परत आणायची, तोवर माज ओसरलेला. दुचाकीवर नायट्रोजनचा कंटेनर बांधून कार्यकर्ता दारात येऊ लागला आणि ही पायपीट थांबली. १९८२ मध्ये मणिभाईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्यात या दारातल्या सेवेचा वाटा मोठा आहे.

नंतरच्या योजनांची यादी लांबलचक आहे. दुधाचा महापूर, २०१४ चे राष्ट्रीय गोकुळ मिशन, कानात बारा आकडी बिल्ला, आता लिंगनिश्चित रेत. त्या यादीत फार रमण्याचे कारण नाही, कारण यातली प्रत्येक गोष्ट शेवटी एकाच प्रश्नाशी येऊन थांबते: गाय माजावर आहे, हे कोणी पाहिले?

गायीचे ऋतुचक्र सरासरी एकवीस दिवसांचे. माज साधारण बारा ते अठरा तास टिकतो आणि तो संपल्यावर दहा-बारा तासांनी स्त्रीबीज सुटते. ते बीज मोजकेच तास जगते. म्हणून सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. हा नियम अमेरिकेतल्या ट्रिम्बर्गरने १९४० च्या दशकातच घालून दिला आणि तो अजून टिकून आहे. गाय हंबरते, चारा टाकते, दूध चोरते, निरण सुजून लालसर होते, काचेसारखा पारदर्शक सोट लोंबतो. पण खरी खूण एकच: दुसरे जनावर अंगावर उडाले तरी ती जागची हलत नाही. दोन दिवसांनी शेपटीला रक्त दिसले, तर माज येऊन गेला असे समजावे. त्या वेळी कांडी भरणे म्हणजे पैसे वाया, तारीख तेवढी लिहून ठेवावी. म्हशीचे तर आणखी कठीण. तिचा माज बहुधा रात्री किंवा पहाटे येतो आणि उन्हाळ्यात मुका असतो. कंदील घेऊन पहाटे गोठ्यात चक्कर मारणाऱ्या म्हातारीला जे कळे, ते दुपारी येणाऱ्या तज्ज्ञाला कळत नाही.

गाय उलटली, म्हणजे भरूनही गाभण न राहता पुन्हा माजावर आली, की रेतालाच दोष देणारी मंडळी पुष्कळ आहेत. रेत सदोष असू शकते, नायट्रोजनची पातळी उतरलेली असू शकते, ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरायची कांडी कोणी तळहातावर चोळूनही वितळवतो. हे दोष आहेतच. पण चांगल्या कांडीचाही चुकीच्या वेळी उपयोग नसतो. जिथे मोबदला कांडीमागे मिळतो आणि गाभण जनावरामागे मिळत नाही, तिथे माज नसताही भरणारे हात निघतात.

दुसरा पक्ष म्हणतो, माज पाहायची गरजच काय? १९९५ मध्ये विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी ओव्हसिंक ही पद्धत मांडली: आज एक संप्रेरक, सातव्या दिवशी दुसरे, नवव्या दिवशी पुन्हा पहिले, आणि सोळा ते वीस तासांनी रेतन. शेकडो गायींच्या फार्मवर ती उपयोगी आहे, यात वाद नाही. चालीची नोंद घेणारे पट्टेही तिथे परवडतात. पण दोन गायींच्या घरी तीन इंजेक्शनांचा खर्च कोण करणार? आणि वैरण-खनिजांअभावी खंगलेल्या गायीला संप्रेरक टोचून किती उपयोग होणार?

गेल्या तीस-चाळीस वर्षांत खरे नुकसान झाले ते गुराख्याचे. गायरानात कळप चरे, गायी एकमेकींवर उडत आणि सांजेला गुराखी दारात सांगे, "तुमची तांबडी आज उभी राहिली." गायराने आक्रसली, गुराखी गेला, गाय दिवसभर दावणीला आली. बांधलेल्या गायीवर उडणार कोण? खूण दिसण्याची जागाच आपण बंद केली. म्हणून मुक्त संचार गोठा ही केवळ आरामाची सोय नाही. माज दिसावा याचीही ती सोय आहे.

दूध संघांना एकच विनंती. दारूगोळा बराच जमला आहे, आता पाहणारे डोळे तयार करा. शेणघाण, वैरणपाणी, धारा हे सगळे बहुतेक घरांत बाईच्या हाती असते आणि माज ओळखण्याच्या शिबिराला मात्र सभासद म्हणून नवरा जातो. यंदा शिबिराचे बोलावणे तिच्या नावाने पाठवा. गोठ्याच्या भिंतीवर तारखांचा तक्ता लावा आणि व्यायल्यापासून प्रत्येक माज, प्रत्येक कांडी त्यावर लिहून घ्या. एक माज हुकला की तीन आठवड्यांचा चारा फुकट जातो, हा हिशेब तिला समजावून सांगावा लागणार नाही.